चित्रं काढणाऱ्यांनो, लिनक्सला घाबरू नका, पण आधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतले सगळे एकच विचारतायत, माझं मशीन विंडोज ११ घेत नाही, आता काय करू? अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो, आणि जुनं पण दणकट मशीन तिथेच अडतं. खरं तर त्याच मशीनवर रोज मोठमोठी चित्रं रंगवली जातात, रॅम भरपूर, ग्राफिक्स कार्ड चांगलं, मग ते टाकून का द्यायचं? मी उबुंटू स्टुडिओ २४.०४, म्हणजे चित्र, व्हिडिओ, आवाजाच्या कामासाठी बनवलेली लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाकली आणि आता पोटापाण्याचं सगळं काम त्यावरच करते. माझं काम म्हणजे मुख्यतः इलस्ट्रेशन, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि त्याला लागणारा आवाज, तेव्हा हा रिव्ह्यू त्या नजरेतूनच वाचा.

उबुंटू स्टुडिओच का, तर इन्स्टॉल झाल्या झाल्या रंगवायला क्रिटा, फोटोला गिंप आणि डार्कटेबल, व्हेक्टर ड्रॉइंगला इंकस्केप, थ्रीडीला ब्लेंडर, व्हिडिओला केडेनलाइव्ह, आवाजाला आर्डर, पानांच्या मांडणीला स्क्रायबस, सगळं समोर हजर असतं, शोधत बसावं लागत नाही. डेस्कटॉप प्लाझ्मा नावाचा आहे, एक पट्टी, तिच्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजवरून येणाऱ्याला परकं वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हातही न लावता, आवाज येतोय का, वायफाय मिळतंय का, पेनने चित्र काढायचा टॅबलेट ओळखतोय का हे सगळं आधीच कळतं. हे न करता थेट इन्स्टॉल करू नका, प्लीज. एक मात्र आहे, एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती, असल्यामुळे काही सॉफ्टवेअरची व्हर्जन जुनी येतात, म्हणजे त्यातलं गिंप २.१० च आहे, ३.० पाहिजे असेल तर फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअर टाकायच्या वेगळ्या सोयीवरून घ्यावं लागतं, आणि ब्लेंडर तर सरळ त्यांच्या साइटवरून घ्या, फोल्डर उघडून चालवा, इन्स्टॉलची भानगडच नाही.

आता टॅबलेट. चित्रकारासाठी सगळा खेळ इथेच आहे. वॅकॉम कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो, म्हणून केबल लावली की पेन चालायला लागतं, प्रेशरसकट, काही डाउनलोड नाही, काही रिस्टार्ट नाही. पण दोन मॉनिटर असतील तर एक गोष्ट लगेच करा. टॅबलेट आपोआप दोन्ही स्क्रीनवर पसरतो, आणि मग तुम्ही हाताने गोल काढला की स्क्रीनवर आडवा लांबट अंडाकृती येतो, हात बरोबर असूनही रेघ चुकतेय असं वाटायला लागतं. सेटिंगमध्ये ग्राफिक टॅबलेटखाली जाऊन मॅपिंग एकाच स्क्रीनला द्यायचं आणि प्रमाण राखा हा पर्याय चालू करायचा, झालं. दुसऱ्या कंपन्यांचे टॅबलेट असतील तर ओपनटॅबलेटड्रायव्हर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते भरपूर मॉडेल चालवतं, साइटवर यादी आहे, त्यात आपलं मॉडेल आहे का ते बघूनच पुढे जा. नवीन टॅबलेट घ्यायचा असेल तरी आधी तीच यादी बघा.

क्रिटाबद्दल काय सांगू, मला तर फक्त रंगवण्यापुरतं बोलायचं तर हे फोटोशॉपपेक्षा जास्त आवडतं आणि हे मी फुकट आहे म्हणून म्हणत नाहीये. राइट क्लिक केलं की कर्सरच्या भोवती गोल पॅलेट उघडतं, त्यात आवडते ब्रश आणि मध्ये रंगाचं चक्र, म्हणजे नजर कागदावरून हलतच नाही. रेघ स्थिर करायला स्टॅबिलायझर आहे, इंकिंगला जीव ओवाळून टाकावा असा. डब्ल्यू दाबलं की रॅपअराउंड मोड, कॅनव्हास चारी बाजूंना स्वतःलाच जोडला जातो आणि टाइलचं पॅटर्न काढताना सांधा कुठेय ते रंगवता रंगवताच दिसतं. कापडाचं, रॅपिंग पेपरचं डिझाईन करणाऱ्यांनी हे एकदा वापरून बघाच. फ्रेम बाय फ्रेम अ‍ॅनिमेशन आहे, सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, डॉक्युमेंट उघडता येतं. फक्त मोठा ब्रश आणि मोठा कॅनव्हास एकत्र आला की थोडं रेंगाळतं, तिथे सेटिंगमध्ये रॅमची मर्यादा वाढवून द्या, बराच फरक पडतो.

गिंपबद्दल मात्र माझं मत इतकं गोड नाही. मार्च २०२५ ला ३.० आलं, फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात ही सोय एकदाची आली, आणि त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. पण काम आरजीबीमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत करायचं, सीएमवायके फक्त प्रूफ बघताना आणि एक्सपोर्ट करताना. फोटो रिटचिंग रोजचं असेल तर हात बसायला वेळ लागतो, शॉर्टकट वेगळे, सिलेक्शन वेगळं वागतं. होतं सगळं, पण वेग येईपर्यंत चिडचिड होते हे खरंय. इंकस्केप मात्र मस्त, एसव्हीजी हा कितीही मोठा केला तरी न फाटणारा फॉरमॅट त्याचा स्वतःचा, लोगो, आयकॉन, वेबसाठीची चित्रं यात कुठेही अडत नाही, आणि युनिकोड फॉन्ट असेल तर देवनागरी जोडाक्षरंही न फुटता उमटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण लोक विचारतात सॉफ्टवेअर कोणतं चांगलं आणि विचारायला पाहिजे की फाईल कोणाकडे जाणार आहे. अडोबी लिनक्सला फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाईन काहीच देत नाही. वाइनवर, म्हणजे लिनक्समध्ये विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सोयीवर, काही जुनी व्हर्जन चालवतात लोक, पण पैसे घेऊन डेडलाइनवर करायच्या कामासाठी मी त्यावर विसंबणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. तुमचं काम जेपीजी, पीएनजी, टिफ, पीडीएफ, एसव्हीजी देऊन संपत असेल तर समोरच्याला कळणारही नाही की तुम्ही कशावर काम केलं. पण एजन्सीकडून पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाईल येते, तुम्ही त्यात बदल करता, परत पाठवता, मग त्यांचा माणूस त्यात बदल करतो, असं असेल तर जरा थांबा. क्रिटा आणि गिंप दोन्ही पीएसडी उघडतात, लेयर दिसतात, पण स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे लेयरच्या आत जपलेलं मूळ चित्र, साध्या चित्रासारखा येतो, म्हणजे आतलं मूळ बदलता येत नाही, टेक्स्ट आणि इफेक्ट कधी टिकतात कधी नाही, आणि तीच फाईल सेव्ह करून परत दिली तर समोरच्याची मेहनत गेली. इलस्ट्रेटरची एआय फाईल इंकस्केपमध्ये तेव्हाच नीट उघडते जेव्हा ती पीडीएफ कंपॅटिबल ठेवून सेव्ह केलेली असते. इनडिझाईनची मूळ फाईल स्क्रायबस उघडत नाही, आयडीएमएल या इनडिझाईनच्याच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून मागवलीत तर आत घेता येते, तरीही मांडणी डोळ्याखालून घालावीच लागते. म्हणून एजन्सीत टीमसोबत रोज फाईलींची देवाणघेवाण करणाऱ्या डिझायनरला मी लिनक्सवर ये म्हणणार नाही, निदान एकमेव मशीनवर तरी नाही.

ब्लेंडरवाल्यांनी डोळे मिटून यावं. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले आणि त्याचा सोर्स कोड मोकळा केला, तेव्हापासून ते सगळ्यांचं आहे, आणि लिनक्सवर ते दुय्यम नाही, तिथेही पूर्ण ताकदीने चालतं. रेंडर, म्हणजे थ्रीडी दृश्याचं पक्कं चित्र बनवायचं काम, लावून झोपायला जा, मध्येच अपडेट करून मशीन बंद पडलंय असं होत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्समधून टाका, तो न टाकता कार्ड संथ आहे म्हणून ओरडू नका.

व्हिडिओत एक मोठा खड्डा आहे आणि तो माहीत नसला की माणूस वैतागतो. दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळतं, कलर ग्रेडिंगला त्याच्या तोडीचं फुकट दुसरं काही नाही, पण त्याच्या फुकट व्हर्जनला लिनक्सवर एच २६४ आणि एच २६५ हे व्हिडिओ दाबून ठेवायचे प्रकार चालत नाहीत. म्हणजे काय, तर फोनवरून किंवा साध्या कॅमेऱ्यातून आलेली एमपी४ टाइमलाइनवर ओढली की चित्रच येत नाही. उपाय असा की एफएफएमपेग हे फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर वापरून आधी सगळं फुटेज डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये आणि आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या रूपात, बदलून घ्यायचा. एकदा छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली की फोल्डरच्या फोल्डर आपोआप होतो, आणि एडिट करताना टाइमलाइन लोण्यासारखी सरकते हा त्याचा फायदाच, पण फाईली प्रचंड फुगतात, चांगल्या क्वालिटीत १०८० चं एक मिनिट १ जीबीच्या वर जातं, तेव्हा मोठी डिस्क आधीच हाताशी ठेवा. एवढं नको असेल तर केडेनलाइव्ह घ्या, ते एमपी४ सरळ उघडतं, जड फुटेजला स्वतः प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवतं. मी छोट्या कामाला तेच वापरते. प्रोजेक्ट मोठा असला की दर थोड्या वेळाने कंट्रोल एस दाबायची सवय ठेवा मात्र.

आवाजाचं म्हणाल तर पूर्वी लिनक्सवर ऑडिओ म्हणजे डोकेदुखी होती, पाइपवायर ही आवाज सांभाळणारी नवी यंत्रणा आल्यापासून ती बरीचशी गेली, ब्राउजरचा आवाज आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एकाच वेळी गुण्यागोविंदाने चालतात. रीपर आणि बिटविग ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर दोन्ही लिनक्सवर थेट मिळतात. विंडोजचे व्हीएसटी प्लगिन, म्हणजे वाद्यांचे आणि इफेक्टचे जोड, याब्रिज नावाचं सॉफ्टवेअर वापरून बरेच चालतात, पण कॉपी प्रोटेक्शनवाले महागडे प्लगिन अडतात, ज्यांचं सगळं संगीत त्यांच्यावरच उभं आहे त्यांनी आधी एकेक तपासून बघा.

रंगाच्या बाबतीत काटेकोर असाल, म्हणजे प्रिंटला जाणारं काम असेल, तर या व्हर्जनवर एक्स११ चं सेशन, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवायची जुनी पद्धत, ठेवा. वेलँड या नव्या पद्धतीत कलर मॅनेजमेंटचा प्रोटोकॉल फेब्रुवारी २०२५ ला मंजूर झाला, म्हणजे ते काम अजून ताजं आहे. डिस्प्लेकॅल आणि आर्गिल ही सॉफ्टवेअर वापरून मॉनिटरचे रंग कॅलिब्रेट होतात, रंग मोजायचा मीटर ओळखला जातो, प्रोफाइल क्रिटाला कळतं. मला स्क्रीनवरचा आणि छापलेला निळा जुळवायला याने खूप मदत झाली.

बारीक पण महत्त्वाचं, विंडोजही सोबत ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट बंद करून ठेवतं आणि लिनक्समध्ये तीच ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडते, तुम्ही सेव्ह दाबत राहता आणि होत नाही. आणि टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत जपणारं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी लावा, अपडेटने काही बिघडलं तर सिस्टिम काल होती तशी परत आणता येते, पण ते तुमच्या चित्रांचा बॅकअप नाही, त्याचा वेगळा घ्यायचा.

ज्यांची चलबिचल चालू आहे त्यांना मी एकच सांगते, आत्ता ऑपरेटिंग सिस्टिम बदलूच नका. क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर, गिंप, केडेनलाइव्ह हे सगळं विंडोजवरही चालतं. आहे त्या मशीनवर हेच टाका, खरी कामं यावर करा, क्लायंटला पाठवा, काय अडतं ते टिपून ठेवा. जुनं सॉफ्टवेअर उघडायची गरजच पडत नाहीये असं झालं की मग पेनड्राइव्ह बनवायला घ्या, कारण तेव्हा फाईली, ब्रश, शॉर्टकट सगळं तेच असतं, फक्त खालची जमीन बदलते.