बाहुलीघराचं लाकडी किट मागवलं आणि जोडलं, सगळा अनुभव

भाची नऊ वर्षांची झाली. तिला यावेळी असं काहीतरी द्यायचं होतं जे आम्ही दोघं मिळून बनवू, म्हणून लाकडी बाहुलीघराचं किट ऑनलाइन मागवलं. साडेचार हजार रुपये. जुलैत पार्सल आलं आणि घर पूर्ण झालं सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे दोन महिन्यांच्या वर गेले, तेही दर शनिवार-रविवार बसून. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मला जे अडलं ते कुठल्याही पहिल्या किटला अडू शकतं, आणि मी घ्यायच्या आधी मराठीत असं काही वाचायला शोधत होतो तर धड काही मिळालंच नाही.

मत आधीच सांगून टाकतो. लाकूड आणि कटिंग चांगलं, सूचनांचा कागद अगदी वाईट, दिवे कसेबसे, आणि छपरासाठी दिलेला छापील कागद मी वापरलाच नाही. घ्यावं का, तर हो, घ्या, पण पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे आणि तोवर तयार हवंय असं असेल तर अजिबात नको.

आधी मापाचं बोलू, कारण ताईची आणि माझी पहिली फसगत तिथेच झाली. हे किट १:१२ चं आहे, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे एक इंच, दहा फूट उंचीची खोली इथे दहा इंचांची आणि साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा. विकणाऱ्याने वर्णनात "सर्व बाहुल्यांसाठी" असं लिहिलेलं, ताईने पण धरून ठेवलेलं की घरात तीन बार्ब्या आहेत त्या राहतील यात. बार्बी साडेअकरा इंचांची असते हो, तिचं माप १:६ च्या जवळचं, ती या खोलीत उभीच राहत नाही. तेव्हा किट घ्यायच्या आधी घरातल्या बाहुलीला पट्टी लावून बघा. बार्बीसाठी हवं असेल तर १:६ चं घर लागतं आणि ते जवळजवळ कपाटाएवढं होतं. १:१२ चा फायदा असा की बाहुलीघराचं हे सगळ्यात रुळलेलं माप आहे, छोटं फर्निचर, भांडी याच मापात जास्त मिळतात. इंग्लंडमध्ये विंडसर कॅसलला राणी मेरीचं बाहुलीघर आहे तेही १:१२ चंच, एडविन लुटियन्सने डिझाइन केलेलं, म्हणजे आपल्या दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याने केलं तोच, १९२४ साली पूर्ण झालं, आणि त्यात नळाला पाणी, विजेचे दिवे, लिफ्ट सगळं आहे. भाचीला त्याचे फोटो दाखवले आणि मग "मामा, आपल्याला पण लिफ्ट" सुरू झालं, तिला जिन्यावर राजी करायला एक अख्खा रविवार गेला.

खोक्यात आलं काय, तर तीन मिलिमीटर प्लायच्या अकरा शीट, लेझरने कापलेल्या, सगळे भाग शीटमध्येच अडकलेले. खिडक्यांसाठी पारदर्शक प्लास्टिक, भिंतींसाठी छापील कागद, एक एलईडीची माळ, आणि चार पानी सूचना ज्यात एक अक्षर नाही, नुसती चित्रं आणि नंबर.

आता पाऊस. जुलैत मागवलं ही चूक झाली. खोकं बाहेरून ओलसर होतं आणि दोन मोठ्या शीट द्रोणासारख्या वाकलेल्या. मी घाबरून परत करणार होतो, पण आमच्या बिल्डिंगमध्ये सुतारकाम करायला येतात त्या काकांनी सांगितलं की खोलगट बाजूला ओलं फडकं फिरव, सपाट फरशीवर ठेव, वर वजन दे आणि रात्रभर हात लावू नको. दोन रात्री वहीचे गठ्ठे ठेवले आणि नव्वद टक्के सरळ झाल्या. खोलगट बाजू जास्त सुकून आकसलेली असते, तिला ओल मिळाली की ती फुगते आणि शीट सरळ येते, असं ते म्हणाले. त्याच कारणाने पुढे रंग लावताना पण फक्त एकाच बाजूने लावू नका, दुसऱ्या बाजूला निदान प्रायमरचा एक हात तरी द्याच, नाहीतर सुकल्यावर भिंत वाकते. आणि शीट भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, आडव्या ठेवा.

सगळे भाग एकदम सुटे करायचा मोह होतो, मुलांना तर फारच. नका करू. लेझरने कापलेले भाग एकमेकांसारखे दिसतात, डावी भिंत आणि उजवी भिंत यात फक्त एका खाचेचा फरक असतो. लागेल तेवढंच काढा, आणि ओढून काढू नका, बारीक जोड कटरने कापून काढा, ओढलं की प्लायचा वरचा पापुद्रा सोबत येतो. आमच्या दोन खिडक्यांच्या चौकटी अशाच गेल्या.

आता खरी गोष्ट, जी कळायला मला एक भिंत उखडावी लागली. फेविकॉलचं झाकण उघडायच्या आधी अख्खं घर नुसतं खाचांमध्ये बसवून, मास्किंग टेपने धरून उभं करायचं. छपरापर्यंत, जिन्यासकट. मी पहिल्यांदा केलं नाही. सूचनांमध्ये नवव्या चित्रात मागची भिंत चिकटवायला सांगितलेली आणि जिना आला बाराव्या चित्रात, मी तसंच केलं, भिंत रात्रभर सुकवली, सकाळी जिना घेतला तर त्याची खुंटी, म्हणजे खाचेत बसणारं पुढे आलेलं टोक, फक्त मागच्या बाजूनेच आत जाते. म्हणजे भिंत लागायच्या आधीच जिना बसायला हवा होता. हेअर ड्रायरची गरम हवा दिली की सुकलेला फेविकॉल थोडा नरम पडतो, तसं करून पातळ सुरीने हळूहळू भिंत सोडवली, पण दोन ठिकाणी लाकूड तुटलंच, तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासावी लागली. भाची शेजारी बसून सगळं बघत होती, काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यानंतर आम्ही घर तीनदा नुसतं टेपवर उभं केलं. पहिल्यांदा सगळं बसतंय का ते बघायला, दुसऱ्यांदा कुठला भाग कुठल्या आधी जायला हवा तो क्रम स्वतः लिहून काढायला, आणि तिसऱ्यांदा कुठे रंग लागायला हवा आणि कुठे नको ते पेन्सिलीने आखायला. प्रत्येक भागाच्या खुंटीवर, जी नंतर दिसणार नाही तिथे, भाचीने नावं लिहिली, "ओटी डावी", "माजघर मागे", "वर झोपायची". फोटो काढून ठेवले. या तीन वेळच्या जोडणीला दोन शनिवार-रविवार गेले आणि नंतरचं सगळं काम सुरळीत झालं. याच वेळी कळलं की एका मजल्याच्या पाटाची खाच उलट्या बाजूला कापलीये. कंपनीला फोटो पाठवला, नऊ दिवसांत नवीन भाग फुकट आला, याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. चिकटवल्यावर कळलं असतं तर काय केलं असतं?

घासायचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. लेझरने कापलं की कडा जळून काळ्या होतात, ती काजळी हाताला लागते आणि हातावरून पांढऱ्या रंगाला. आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०. किट एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं, असेल तर घासताना तोंडाला मास्क लावाच, त्याची धूळ फार बारीक असते, आणि त्याच्या कडा रंग नुसत्या पीत राहतात, तिथे प्रायमरचे दोन हात लागतात.

रंग चिकटवायच्या आधी की नंतर? आतल्या खोल्या आधी, बाहेरचं नंतर. जिन्याखाली, पोटमाळ्याच्या कोपऱ्यात नंतर ब्रश जातच नाही. पण खुंट्या आणि खाचा कोऱ्या ठेवा, त्यांच्यावर मास्किंग टेप लावा, कारण फेविकॉल कोऱ्या लाकडात मुरून धरतो, रंगावर तसा धरत नाही. शिवाय तीन मिलिमीटरच्या खाचेत रंगाचे दोन थर चढले की खुंटी आत जात नाही आणि मग माणूस जोर लावतो. आम्ही घर रंगवताना उरलेलं इमल्शन वापरलं, छान बसलं. मात्र माळ्यावर पडलेला वर्षानुवर्षांचा जुना ऑइलपेंट मुलांच्या वस्तूला वापरू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याच्या आधीच्या डब्यात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

फेविकॉल अगदी पातळ लावायचा, टूथपिकने, बाहेर ओघळला तर लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. धरून ठेवायला महागडे क्लॅम्प लागत नाहीत, कपड्यांचे चिमटे, रबरबँड आणि टेप पुरतो. पण एक गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची सुतारी पट्टी, मात्र घ्याच. मी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतून छोटा घेतला. पहिला कोपरा काटकोनात नसेल तर खाली दिसत नाही, छप्पर ठेवलं की एका बाजूला फट पडते. झटपट चिकटणारा ग्लू खिडक्यांच्या प्लास्टिकला लावू नका, त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरट धुरकं येतं आणि ते पुसलं जात नाही. आमची एक खिडकी कायमची धुक्यात गेली.

दिव्यांच्या बाबतीत किट कमी पडलं. माळेची वायर आखूड, आणि ती कुठून न्यायची हे कुठल्याच चित्रात नाही. भिंतीचा कागद चिकटवायच्या आधी वायर मागून नेऊन टेपने बसवा, भोकं पण तेव्हाच पाडा. आणि बॅटरीचा डबा आधी तपासा, आमच्यात बटण सेल होते आणि झाकणाला स्क्रू नव्हता. घरात लहान मूल असेल तर हे फार धोक्याचं आहे, बटण सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून जळू शकते. आम्ही तो डबा काढून टाकला आणि दोन पेन्सिल सेलचा, स्क्रूच्या झाकणाचा लावला. खोक्यावर बारीक अक्षरात १४ वर्षांवरील असं छापलंय ते पण बघून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क लागतो, यावर तो नाहीये, कारण हे हॉबी किट म्हणून विकतात. म्हणून कटर मी धरायचो, घासणं-रंगवणं तिने, अशी वाटणी ठेवली.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. किटचं घर परदेशी धाटणीचं, त्यावर निळसर छप्पराचा कागद. भाची म्हणाली आपण पणजीचं घर करू. माझं आणि ताईचं आजोळ राजापूरकडे, कौलारू, जांभ्याचं, ते घर आता नाही, तिने फक्त फोटोत बघितलंय. मग कुरिअरच्या खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा घेतला, एका बाजूचा कागद ओला करून सोलला, पट्ट्या कापल्या आणि खालून वर एकावर एक चढवत लावल्या, कौलं लावतात तशाच. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा फेविकॉल घातला आणि तो फासला. बाहेरच्या भिंतींवर पेन्सिलीने दगडांच्या ओळी आखून स्पंजच्या तुकड्याने लाल-तपकिरी ठिपके दिले, लांबून खरोखर जांभा वाटतो. पुढे ओटी केली, आईसक्रीमच्या काड्यांचा झोपाळा टांगला, दारात तुळशीवृंदावन. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती आधी म्हणाली विहीर कुठे, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.

भांड्यांसाठी तुळशीबागेत गेलो, पितळी भातुकली बघितली. इथे पण माप लक्षात ठेवा, दोन इंचांचं पातेलं या घरात दोन फुटांचं होतं, ते पंगतीचं वाटतं. आम्ही अर्ध्या-पाऊण इंचाचे तांब्या, डबे निवडून घेतले, थोडे महाग पडले पण स्वैपाकघर जिवंत झालं.

किटच्या वर रंग, पॉलिशपेपर, गुण्या, दिवे, भातुकली धरून अठराशे रुपये अजून लागले, ते आधीच हिशोबात धरा. पाचपैकी साडेतीन देईन, दीड सूचनांच्या कागदाचा आणि बॅटरीच्या डब्याचा कापला. दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत मागवा. आणि भाग काढून झाल्यावर प्लायच्या रिकाम्या चौकटी टाकू नका, आमची भाची आता मागच्या अंगणात गोठा मागतेय, तेवढं लाकूड त्यात सहज निघतं.