ठाण्यातल्या मॉलमधलं व्हीआर: आईला पैकीच्या पैकी, मुलीसाठी नको

गेल्या रविवारी आईला आणि धाकटीला घेऊन ठाण्यातल्या एका मॉलमधल्या व्हीआर झोनला (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जग दाखवतात तिथे) गेलो होतो. माणशी 300 रुपये, दहा मिनिटं. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे डोळ्यांवर काही चढवायचं म्हटलं की मी आधी भिंगं बघतो.

आधी आईचं सांगतो. वय 72, दोन्ही गुडघे गेलेले, समुद्राला पाय लागून बारा वर्षं झाली. तिने समुद्राखालचं दृश्य निवडलं. स्टुलावर बसली, हेडसेट चढवला आणि मिनिटभरात डाव्या हाताने साडीच्या निऱ्या घोट्यावर उचलून धरल्या. भिजू नयेत म्हणून! देवमासा शेजारून जायला लागला तशी उजवा हात पुढे करून त्याच्या पाठीवरून फिरवत राहिली. हेडसेट काढल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, केवढा तो डोळा त्याचा!" घरी आल्यावर शेजारच्या काकूंनाही तेच सांगत होती.

मुलगी आठ वर्षांची. तिथल्या पोराने तिचं वय विचारलंच नाही. हेडसेट बनवणारी मेटा कंपनी आपला हेडसेट 10 वर्षांखालच्या मुलांना देऊ नका म्हणते, सोनी 12 खालच्यांना. तसा साधा कागदही तिथे लावलेला नव्हता. तिकीट काढताना मीही अडवलं नाही, ती चूक माझी. रोलर कोस्टर लावला. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "बाबा, दोन-दोन दिसतंय." पोरगा म्हणाला, "काका, होईल तिला सवय." पाचव्या मिनिटाला उलटी झाली.

मग हेडसेट हातात घेऊन पाहिला. भिंगं एकमेकांपासून 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच टप्प्यांवर सरकणारी, आणि ती होती 68 वर. आधीचं गिऱ्हाईक उठलं, तिथेच राहिलेली. माझ्या मुलीची पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, 54. सगळ्यात लहान टप्पासुद्धा तिला मोठाच. पीडी एवढी चुकवून मी चष्मा दिला, तर गिऱ्हाईक संध्याकाळी परत दारात उभं राहील. त्यात रोलर कोस्टर. डोळे सांगतात कोसळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो जागेवर बसलोय. या ओढाताणीत मोठ्यांनाही मळमळतं. फोमची गादी आधीच्या माणसाच्या घामाने ओली होती, तेही आलंच.

लहान मुलांना हे तंत्र कधीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. आळशी डोळ्याच्या (एका डोळ्याची नजर मेंदू नीट वापरत नाही, त्या दोषाच्या) उपचारासाठी ल्युमिनोपिया नावाची व्हीआर पद्धत आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये तिला मान्यता दिली, तीही 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. याच दोषासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला रडणारी पोरं मी दुकानात रोज बघतो, म्हणून मला याचं फार मोल वाटतं. तिथे डोळे आधी तपासलेले असतात, वेळ ठरलेली असते. मॉलमध्ये दोन मिनिटं मोजमापाला दिली असती, तर आमच्या पोरीला परत पाठवावं लागतंय हे त्यांनाही कळलं असतं.

मोठ्यांना न्यायचं असेल तर बसूनच बघू द्या, रोलर कोस्टर टाळा, आणि आधी भिंगं सरकवून अक्षरं स्पष्ट दिसतात का ते विचारा. आईला पुन्हा जायचंय. या वेळी जंगल बघायचं म्हणते. पीडी मोजायची पट्टी खिशात टाकून नेणार आहे.