मटण नव्हे, रस्सा मोजावा

तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्यापासून मी महिन्यातून एकदाच मटण खातो आणि ते एकदाचे खाणे वाया जाऊ नये म्हणून कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या एका घरगुती खानावळीत मुद्दाम जातो. बोकडाचे मटण येथे कोवळे असते; ते हाडापासून अलगद सुटते, पण त्याचा लगदा झालेला नसतो. सुक्क्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण तुकड्यांना धरून असते आणि वाटीच्या तळाशी तेल साचत नाही. सुक्क्याबाबत माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती रश्श्याची. थाळीत तुकडे पाच-सहाच असतात, रस्सा मात्र हवा तितका मिळतो, आणि "पावणं, आणि एक वाटी घ्या की" असा आग्रह झाल्यावर नाही म्हणणे जड जाते. तांबड्या रश्श्यावरचा तवंग नुसत्या तेलाचा नसतो, मटणातून सुटलेली चरबीही त्यात उतरलेली असते. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असल्यामुळे पथ्याचा वाटतो; प्रत्यक्षात त्यात नारळाचे दूध असते, आणि नारळातील स्निग्धांशापैकी सुमारे 90 टक्के भाग संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे लोण्यातल्यापेक्षाही अधिक असतो. असे स्निग्धांश जास्त झाले की रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते आणि ते कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू लागते. बोकडाचे मटणही लाल मांसच आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तरीही चरबी काढलेले चार तुकडे आणि चार वाट्या रस्सा यांत मला धास्ती रश्श्याचीच वाटते. त्यातच गेल्या खेपेला पांढरा रस्सा खारट होता. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, आणि येथे तर दुसऱ्या वाटीलाच मला पाणी मागावे लागले.

मांडीचे तुकडे द्यावेत आणि तवंग बाजूला सारून खालचा रस्सा वाढावा, अशी विनंती मी मालकांना केली. त्यांनी कपाळाला आठी न घालता ती मानली. डाव तळाशी घालून काढलेल्या त्या रश्श्याला मसाल्याची चव अधिक स्वच्छ आली, हे मला अनपेक्षित होते. रविवारी दुपारी मात्र असे काही मागण्याची सोय नसते, कारण तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. बुधवारी साडेबाराच्या आत जावे.