आठ महिन्यांचं फुटबॉल कोचिंग : पाय सुधारले, नजर अजून नाही

लेक अकरा वर्षांची. शाळेत फुटबॉल म्हणजे पीटीच्या तासाला पंचवीस पोरं एका बॉलमागे, त्यात हिच्या पायाला तो लागलाच तर चुकून. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये एका सरांकडे एकटीचं कोचिंग लावलं. आठवड्यातून दोनदा, सकाळी सहा ते सात, सोलापूरच्या होम मैदानाच्या कोपऱ्यात. महिन्याला २,५०० रुपये. "एवढ्यात क्रिकेटची बॅट आली असती की," हे सासऱ्यांनी ऐकवून झालं.

पहिले दोन महिने बघणाऱ्याला जांभया येतील असे. पायाच्या आतल्या बाजूने पास, तोही निम्मा वेळ डाव्या पायाने. मला वाटायचं, पैसे कशाचे देतोय? नंतर समजलं. आधी ती आलेला बॉल पायाखाली दाबून थांबवायची आणि मग विचार करायची. आता बॉल येतानाच अंग वळवून घेते आणि पहिल्याच स्पर्शात तो जायच्या दिशेला ढकलते. सर आणखी एक करायचे. बॉल तिच्याकडे सोडला की मला तिच्या पाठीमागे उभं करून बोटं दाखवायला सांगायचे. तिने बॉल पोचायच्या आत मागे नजर टाकून आकडा सांगायचा. सुरुवातीला एक तर आकडा चुकायचा, नाहीतर बॉल निसटायचा. हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, मात्र अजिबात शिकवलं नाही. विचारलं तर म्हणाले, या वयात नको. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही २०२० मध्ये अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये असं सांगितलंय, हे मी नंतर वाचलं.

आता तक्रार. आम्ही दुकानात जाऊन पाच नंबरचा बॉल आणि तळाला लांब स्टड, म्हणजे खुंट्या, असलेले बूट आणले होते. बॉल सरांनी लगेच बदलायला लावला, या वयाला चार नंबर. बुटांबद्दल मात्र चकार शब्द नाही. आपल्याकडची जमीन दगडासारखी, त्यात स्टड रुततच नाहीत, सगळा दणका टाचेला. ऑक्टोबरमध्ये पोरगी लंगडायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून कच्चा असतो. पळून-उड्या मारून त्यावर ताण आला की दुखतं. घाबरायचं कारण नाही, पण विश्रांती घ्यावीच लागेल. तीन आठवडे घरी. नंतर बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज घेतले, टाच पुन्हा दुखली नाही. आठवड्यातून दोनदा ते बूट सरांच्या डोळ्यांसमोर होते, हे मला अजून खटकतं. आणि त्या तीन आठवड्यांची फी परत नाही की पुढच्या महिन्यात वळती नाही. ठरवतानाच हे विचारून घ्या.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. होम मैदानावर पाळणे लागले, सराव बंद. सरांनी सांगितलं, रोज पंधरा मिनिटं भिंतीवर बॉल मारा, एकदा उजवा एकदा डावा. अपार्टमेंटच्या पार्किंगची भिंत आणि शेजारच्या काकूंची झोप, दोन्हींची वाट लागली. पण खरं सांगते, डावा पाय सुधारला तो त्या महिन्यात. त्याला एक रुपया लागला नाही.

फेब्रुवारीत मुलांची पाच-पाच जणांची मॅच झाली. बॉल आला की आमची बाई दोघांना छान चकवायची, तिसरा काढून घ्यायचा. डावीकडे मैत्रीण मोकळी उभी राहून हाका मारत होती, हिला दिसलीच नाही. पाठीमागची बोटं मोजणारी पोरगी! पण सरावात चकवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन जागचे हलत नाहीत, पाय घालत नाहीत आणि पासही मागत नाहीत. एकटीच्या कोचिंगमध्ये हे येणार कुठून?

म्हणून मार्चपासून आणखी दोन मुलं जोडून घेतली. तिघांत तासातला पाऊण वेळ दोघांविरुद्ध एक असा खेळ, फी प्रत्येकी १,२००. सर तेच, पण आता सराव बघायला मजा येते. मी पुन्हा सुरुवात केली तर एकटीचं कोचिंग तीनच महिने ठेवीन, पहिला स्पर्श आणि दुसरा पाय यांच्यापुरतं.

एप्रिलपासून ऊन बघून साडेपाचची वेळ मागितलीय. सर हो म्हणाले. तिला उठवायचं कुणी, हे आमच्या घरात अजून ठरायचंय.