होस्टेलसाठी घेतलेली फोमची गादी: दहा महिने झोपल्यानंतर

परवा कंपनीचा मेल आला की 'आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे'. समाधान झालेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मागच्या सप्टेंबरमध्ये, गादी येऊन आठ दिवस झाले होते तेव्हा, मी स्वतः तिला पाच तारे दिले होते आणि 'होस्टेलला जाणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावी' असं लिहिलं होतं. ते वाचून कुणी घेतली असेल तर मला खरंच वाईट वाटतं.

खोक्यात दाबून गुंडाळून येते ती ही गादी. ७२ बाय ३६ इंच, जाडी ४ इंच, फोम '३२ डेन्सिटी'चा, वॉरंटी पाच वर्षांची. मला ३,२९९ रुपयांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा गाद्या विकणारे पुष्कळ आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्या खोक्यांना लागू पडतं.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. इंजिनिअरिंगला पुण्यात नंबर लागला आणि होस्टेलची यादी लागल्यावर हजर व्हायला चार दिवस मिळाले. चार दिवसांत आईने बादली-मगापासून मच्छरदाणीपर्यंत सगळं जमवलं. आजीने वाकळ दिली. गादी मात्र एसटीतून कशी न्यायची म्हणून मी ऑनलाइन मागवली, थेट होस्टेलच्या पत्त्यावर. सिंगल गादी म्हणजे तीन फूट रुंद, हे मी धरूनच चालले होते.

होस्टेलची कॉट अडीच फूट रुंद निघाली.

सहा इंच. आज हा आकडा मला पाठ झालाय, पण पहिल्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही. कॉट भिंतीला लागून आहे, त्यामुळे ते सहा इंच खोलीच्या बाजूला बाहेर आले. उलट जास्त जागा मिळाली असं वाटलं. पाच तारे त्याच आठवड्यातले. गादी मऊ होती, नवी होती आणि घर सोडून आलेल्या मला त्या रात्री झोप लागली, हे तिचं श्रेय मी आजही काढून घेणार नाही.

आता होस्टेलवर गादी फक्त झोपायला नसते. खोलीत तिघी, खुर्च्या दोन. ज्याला त्याला कॉटच्या कडेवरच बसायचं असतं. अभ्यास तिथे, जेवणाचा डबा तिथे, फोनवर बोलणं तिथे, शेजारच्या खोलीतली आली की तीही तिथेच. आणि माझी कड म्हणजे खाली काहीच नसलेले सहा इंच. बसलं की कड खाली दुमडायची आणि माणूस पुढे घसरायचं. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आले तेव्हा चादर अंथरताना दिसलं की ती बाजू उतरती झालीय. डिसेंबरपर्यंत तो उतार मधे सरकला. मी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि पहाटे काठावर जाग यायची. डाव्या कुशीखाली दुखायला लागलं.

वॉरंटीच्या कागदावर लिहिलं होतं की एक इंचापेक्षा जास्त खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल. उशीकडून पायाकडे दोरी ताणून बांधली, मधे पट्टी उभी धरली. कडेच्या बाजूला पावणेदोन इंच भरले. फोटो काढून पाठवले. सहा दिवसांनी उत्तर आलं: गादीच्या खालच्या बाजूला डाग आहेत, सबब वॉरंटी लागू नाही.

डाग गंजाचे होते. होस्टेलच्या कॉटला फळी नाही, लोखंडी पट्ट्या आहेत. पावसाळ्यात पट्ट्यांना गंज धरतो आणि त्याच्या रेघा खोळीवर उमटतात. मी फोनवर हे समजावून सांगितलं तर पलीकडचे म्हणाले, "मॅडम, मग तर गादी सपाट पृष्ठभागावर नव्हती. तेही अटीत बसत नाही." म्हणजे खरं कारण सांगितलं तर दुसरं कलम लागलं. पण खरेदीच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'होस्टेल आणि पीजीसाठी उत्तम' असं लिहिलेलं होतं. होस्टेलमधल्या किती कॉटना फळी असते, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. हा माझा सगळ्यात मोठा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

त्या रागातच एक काम केलं, ते प्रत्येकाने करून बघावं. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वजनकाटा पुरतो. खोळ काढून फोम मेसच्या कोठीतल्या काट्यावर ठेवला. ४.१ किलो भरला. ७२ बाय ३६ बाय ४ इंचांचे झाले ०.१७ घनमीटर. भागाकार येतो २४ च्या आसपास. ३२ चा फोम असता तर काटा साडेपाच किलोच्या जवळ थांबायला हवा होता. फोम जितका हलका, तितका तो लवकर दबतो. माझी कड तीन महिन्यांत का बसली त्याचं अर्धं उत्तर त्या काट्यावर मिळालं. उरलेलं अर्धं ते सहा इंच.

काट्याचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. एवढं झाल्यावर कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि नव्या गादीवर तीस टक्के सूट देऊ केली. मी नको म्हटलं. पैसे परत हवे होते, आणखी एक गादी नको होती. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नसतं, हे तेव्हा समजलं. पण सेमिस्टर परीक्षा तोंडावर होत्या आणि ते तेव्हा राहिलं. 'निराकरण' म्हणतात ते हे.

इथवर वाचून गादी टाकाऊच आहे असं वाटेल. जानेवारीपर्यंत माझंही तेच मत होतं.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक गादीवाले काका आहेत. त्यांच्याकडे गेले ती नवी गादी कितीला पडेल हे विचारायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, वॉरंटी गेलीच आहे ना? मग कापून टाका की. कॉट नीट मोजून आणा, मी करून देतो." ३,२९९ रुपयांच्या गादीला पातं लावायचं म्हणजे हात धजत नव्हता. दोन दिवस घेतले, मग गादी दोरीने बांधून घेऊन गेले. त्यांनी दोरा ताणून खडूची रेघ मारली आणि लांब पात्याने बसकी कड सरळ उतरवली. खोळ उसवून, आत घेऊन शिवून दिली. ऐंशी रुपये.

त्या रात्रीची झोप मी विसरणार नाही. गादी कॉटच्या चौकटीत बसली होती आणि कडेवर टेकलं तर खाली लोखंड लागत होतं. तीच गादी, तोच हलका फोम, पण आधार मिळाल्यावर निम्मी तक्रार संपली. दुसरी गोष्ट तर मनातही नव्हती. कापून निघालेली सहा फूट लांब पट्टी मी आईच्या जुन्या सुती साडीच्या खोळीत घालून भिंतीच्या कडेला लावली. जानेवारीत पुण्यातल्या होस्टेलची भिंत रात्री किती गार पडते, हे तिला पाठ लावून झोपणाऱ्यांना विचारा. त्या लोडामुळे भिंत पाठीला लागेनाशी झाली. दिवसा त्यालाच टेकून अभ्यास व्हायचा. वर्षभरात मी वापरलेली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे गादीचा तो कापलेला तुकडा.

गादीच्या बाजूने आणखी एक सांगायला हवं. ऑक्टोबरमध्ये आमच्या मजल्यावर ढेकूण झाले. ते कॉटच्या सांध्यांत आणि गाद्यांच्या शिवणीत राहतात. कॉट बाहेर काढून सांध्यांत मेसमधलं उकळतं पाणी ओतलं. पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण टिकत नाहीत, आणि फवारणीच्या वासात झोपण्यापेक्षा हे बरं. पण गाद्यांना उकळतं पाणी चालत नाही. माझ्या गादीला चेनची खोळ होती, ती काढून गरम पाण्यात टाकली. आतल्या सपाट फोमवर लपायला जागा नसते, त्यामुळे माझी सुटका पहिल्याच खेपेला झाली. सांगलीच्या रूममेटची काथ्याची गादी पक्क्या शिवणीची, तिला महिनाभर पुरलं. तिच्या वडिलांनी मात्र निघण्याआधी रेक्टरबाईंना फोन करून कॉटचं माप विचारलं होतं. तिची गादी पहिल्या दिवसापासून ७२ बाय ३० होती, वर्षाअखेरही तशीच सरळ आहे. कडक आहे, खांदा अवघडतो असं ती म्हणते.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. बादली-मग घरून आणू नका, तुळशीबागेत किंवा होस्टेलजवळच्या दुकानात मिळतात. कुलूप घरून आणा, चांगलं, आणि तिन्ही किल्ल्या स्वतःजवळ ठेवू नका. आजीची वाकळ पुण्याच्या थंडीला पुरून उरली, त्यावर वेगळं लिहायला हवं.

मे महिन्यात गादीचा शेवटचा दोष कळला. उन्हाळ्यात खोली पूर्ण रिकामी करून द्यावी लागते. खोक्यातून आलेली गादी परत खोक्यात जात नाही. दाबायचं यंत्र कंपनीकडे असतं, आपल्याकडे फक्त गुडघे. दोघींनी गुडघे टेकून तिचा गठ्ठा केला, तरी तो पिंपाएवढा झाला. महिलांना एसटीचं तिकीट निम्मं आहे, गठ्ठ्याला नाही. डिकीत जागा नव्हती म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या गाडीची वाट पाहिली. विकत घेताना ती येणार कशी याचा विचार केला होता, परत जाणार कशी याचा नाही.

गादी आता घरी ओसरीवरच्या दिवाणावर आहे. खाली सपाट फळी आहे, आजी दुपारी तिच्यावर बसते आणि तिला आवडलीय.

मी दुसऱ्या वर्षासाठी कापसाची गादी भरून घेतेय. घरचा कापूस आहे म्हणून मला वाटलं फुकट होईल. अप्पांनी हिशेब मांडून दाखवला. साडेसात किलो रुई हवी तर सरकीसकट बावीस किलोच्या आसपास कापूस लागतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे साडेसोळाशेचा कापूस मी अंगाखाली घेणार. वर कापड आणि पिंजारी चाचांची मजुरी धरून सव्वीसशे होतात. पण ही गादी उन्हात वाळवता येते, गुंडाळून दोरीने बांधता येते, आणि बसली की पुन्हा पिंजून तोच कापूस भरता येतो. ढेकणांची भीती आहेच, म्हणून चेनची दुसरी खोळ शिवायला टाकलीय.

होस्टेल सोडायच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्या वर्षाच्या इमारतीत जाऊन चार खोल्यांतल्या कॉट मोजल्या. तीन अडीच फुटांच्या, एक अर्ध्या इंचाने कमी. मोजपट्टी नव्हती, सुतळीला गाठी मारून आणल्या. काल चाचा अंगणात आले आणि म्हणाले, "बोल बेटा, तीन बाय सहा ना?" मी ती सुतळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कापडावर ती ताणली, दोन्ही गाठींवर अंगठे ठेवले आणि खडू मागितला.