सीसॅट-थ्री आणि एलआय-7500 आरएस: गच्चीवर पास, समुद्रावर मिठाशी गाठ

समुद्र आणि हवा यांच्यातली उष्णता, बाष्प आणि संवेगाची (वाऱ्याच्या ओढीची) देवाणघेवाण थेट मोजायला सोनिक (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र) आणि गॅस ॲनालायझर (हवेतले वायू मोजणारं यंत्र) ही जोडी लागतेच. सीसॅट-थ्री हा सोनिक वाऱ्याचे तिन्ही घटक देतो. एलआय-7500 आरएस हा ॲनालायझर दोन काचांमधल्या 12.5 सेंमीच्या उघड्या फटीतून बाष्प मोजतो. सेकंदाला 20 नोंदी घेतल्या की अर्ध्या तासाच्या 36,000 ओळी होतात.

पुण्यात गच्चीवर ही जोडी झकास चालते, आणि फसायला होतं ते तिथेच. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला पाणी धरून विरघळतं, आणि समुद्रावरची हवा वारंवार त्याच रेषेच्या अलीकडे-पलीकडे असते. ॲनालायझरच्या काचेवर साचलेलं मीठ मग कधी पांढरी पूड, कधी ओली साय. त्या सायीतलं पाणीही यंत्र हवेतलं बाष्प म्हणून वाचतं.

म्हणून यंत्र किनाऱ्याला पाठवण्याआधी इथेच तपासा. लिटरला 35 ग्रॅम मीठ घालून फक्त काचांवर फवारा, वाळू द्या, मग ॲनालायझरवर पिशवी चढवून आत ओलं फडकं ठेवा आणि आर्द्रता चढवा. सिग्नल स्ट्रेंग्थ (काचेतून किती प्रकाश पोचतो त्याचा यंत्राने दिलेला आकडा) किती उतरते ते लिहून ठेवा. पुढे काच कधी धुवायची ते त्यावरूनच ठरतं. धुवायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. कोरडं पुसलंत तर मीठ पसरतं, निघत नाही.

सोनिकचं तापमान खरं तापमान नव्हे, त्यात बाष्पाचा वाटा असतो. समुद्रावर बाष्पाची उष्णता (बाष्पाबरोबर वर जाणारी) 100 वॅट प्रति चौरस मीटर आणि साधी उष्णता (हवा थेट तापवणारी) 10 असेल, तर दुरुस्तीशिवाय ते 10 सुमारे 16 दिसतात. बाष्पाच्या आकड्याला वेब-पिअरमन-ल्युनिंग दुरुस्ती (हवेची घनता बदलते त्याची भरपाई) वेगळी.

संवेग सगळ्यात नाजूक. सोनिकचा दांडा एक अंश कलला तरी आडवा वारा उभ्यात मिसळतो आणि आकडा दहा टक्क्यांहून जास्त चुकू शकतो. ॲनालायझर सोनिकपासून 15-20 सेंमीवर, किंचित खाली आणि तिरका लावा, म्हणजे पाण्याचे थेंब काचेवर थांबत नाहीत.

किनाऱ्यावरच्या किंवा समुद्रातल्या पक्क्या मनोऱ्यासाठी ही जोडी बिनधास्त घ्या. जहाजावर मोशन सेन्सर सोबत नसेल तर मात्र घेऊ नका, कारण लाटांची हालचालच वारा म्हणून नोंदली जाईल. कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तर हवा वाळवून आत घेणारा बंद मार्गाचा ॲनालायझर बघा.