बंद शॉपमध्ये ७८ टक्के ओईई

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, ४ टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ), २ व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) आणि माणसं ११. इकडे सुट्टी गुरुवारची. डिसेंबर २०२२ मधल्या एका गुरुवारी मी घरी पोहे खात मोबाईल चाळत बसलो होतो, सहज मशीन मॉनिटरिंगचं अॅप उघडलं तर तीन मशीन हिरव्या, उत्पादन चालू, ओईई (मशीनची एकूण कार्यक्षमता) ७८ टक्के. आणि मेन स्विच बुधवारी रात्री मी माझ्या हाताने पाडून आलेलो!! पोहे तिथेच राहिले.

आता सुरुवातीपासून सांगतो, लाज वाटते पण सांगतो, कारण अजून चारजण तरी यात अडकलेत असं कानावर आलंय.

झालं असं की आमच्या कस्टमरच्या ऑडिटमध्ये विचारलं, तुमचा ओईई किती. मशीन किती वेळ चाललं, किती वेगात चाललं आणि माल किती ओके निघाला, या तिघांचा तो गुणाकार. मी गप्प, कारण आमच्याकडे फक्त शिफ्टचं रजिस्टर, तेही ऑपरेटर शिफ्ट संपताना अंदाजे भरणार. त्यानंतर महिन्याभरात एका प्रदर्शनात मशीन मॉनिटरिंगची सिस्टीम विकणारा एक पोरगा भेटला. टाय, टॅबलेट, तोंडात इंडस्ट्री ४.०, एआय, क्लाउड. म्हणे सर, कंट्रोलरमधून, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरमधून, थेट डेटा घेतो, तीन महिन्यांत प्रॉडक्टिव्हिटी ३० टक्के वाढली नाही तर पैसे परत. आणि वर सरकारची १५ टक्के सबसिडी, ती फाईल पण आम्हीच करून देतो.

एका मशीनचे ८० हजार. सहाचे ४ लाख ८० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख ६६ हजार ४००. दसऱ्याच्या आत ऑर्डर दिली तर एक वर्षाचं सबस्क्रिप्शन फ्री. अर्धे अॅडव्हान्स, ४० टक्के डिलिव्हरीला, १० टक्के चालू झाल्यावर. सबसिडीच्या फाईलचे २५ हजार वेगळे, ते यूपीआयने, पर्सनल नंबरवर, बिल नाही. इथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण समोरच्याच्या शॉपमध्ये नुकतीच अशी सिस्टीम बसली होती (दुसऱ्या कंपनीची, ती आजही मस्त चालते) आणि आपण मागे पडतोय ही भीती फार वाईट असते.

रेफरन्स मागितला नाही असं नाही, मागितला. दोन नंबर दिले, दोन्हीकडून अगदी गोड बोलले. नंतर कळलं त्यातला एक त्यांचाच सर्व्हिसवाला.

फिटिंगला दोन पोरं आली, अर्ध्या दिवसात सहा डबे पॅनलवर. आमचे सेटर मामा, बावीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, त्यांनी पॅनल उघडून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, याने कंट्रोलरला काय लावलंच नाय, टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्याला वायर मारलीय फक्त." टॉवर लॅम्प म्हणजे मशीनवरचा रंगीत दिव्यांचा खांब. मी म्हटलं मामा, तुम्हाला नवीन टेक्नॉलॉजी कळत नाही. हे वाक्य मला आजही टोचतं. आमच्या दोन मशीन इतक्या जुन्या की कंट्रोलरला नेटवर्कचं पोर्टच नाही, फक्त आरएस-२३२ हे जुनं सिरियल पोर्ट, मग थेट डेटा येणार कुठून, हे मलाही कळायला हवं होतं की. खंडेनवमीला मशीनबरोबर त्या डब्यांनाही हार घातले आम्ही.

दिवा हिरवा म्हणजे मशीन चालू, एवढंच त्या डब्याला कळतं. आमच्या मशीनवर सायकल चालू असताना फीड ओव्हरराइडचा (टूलचा वेग कमी-जास्त करायचा) नॉब शून्यावर नेला की टूल जागेवर थांबतं पण दिवा हिरवाच राहतो. आमच्या ऑपरेटर पोरांनी आठवड्यात हे ओळखलं, नॉब शून्यावर करून चहाला. आणि पीस तो डबा मोजतच नव्हता, हिरव्या वेळेला आपण भरलेल्या सायकल टाइमने (एका पीसला लागणाऱ्या वेळेने) भागायचा, की झाला आकडा. एकदा स्क्रीनवर ४१२ पीस आणि ट्रेमध्ये २९०. फोन केला तर म्हणे कॅलिब्रेशन चालू आहे सर.

नोव्हेंबरमध्ये ओईई ९१ दाखवला आणि मी मूर्खासारखा तो कस्टमरला मेल केला. साधा हिशोब केला नाही. आमच्या एका टर्निंगवर दिवसात तीन सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन तयार करणं), एकेक पावणेदोन तासाची, म्हणजे सव्वापाच तास मशीन उभं. दोन शिफ्टचे १६ तास धरले तरी चालण्याचा वेळच ६७ टक्क्यांच्या वर जात नाही, मग तीन आकड्यांचा गुणाकार ९१ कुठून येणार?

त्या गुरुवारचं विचारलं तर उत्तर आलं, बफरमधला डेटा सिंक होतोय. लाइट नाही, वायफाय नाही आणि सिंक होतोय. डेटा आला नाही की त्यांचा सर्व्हर आदल्या दिवसांची सरासरी टाकून आलेख भरायचा, हे त्यांच्याच सोडून गेलेल्या एका पोराने नंतर सांगितलं. मी उरलेले १० टक्के अडवले तर चार दिवसांत लॉगिन बंद. डेटा आमच्या मशीनचा, पण एक एक्सेलसुद्धा आमच्याकडे नाही.

सबसिडीचं ऐका. तो सांगत होता ती १५ टक्क्यांची स्कीम ३१ मार्च २०२० लाच बंद झालेली, फक्त एससी-एसटी उद्योजकांसाठी वेगळी चालू होती. मी दोन वर्षांनी तिच्या फाईलचे पैसे दिले. जीएसटी पण त्याने भरला नाही, पुरवठादारांची बिलं दिसतात त्या जीएसटीच्या २बी स्टेटमेंटमध्ये बिल दिसेना, सीए म्हणाला क्रेडिट विसरा. पोलीस म्हणाले हे सिव्हिल आहे. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तिथे सहसा उभं करत नाहीत. नोटीस पाठवली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून परत आली. सगळं मिळून ५ लाख ३४ हजार गेले.

मग मामांची माफी मागितली आणि डिप्लोमाचा एक ट्रेनी, एक वही, मोबाईलचं स्टॉपवॉच एवढ्यावर १२ दिवस मोजलं. पावणेदोन तासातली ३५ मिनिटं नुसती शोधाशोध, सॉफ्ट जॉ (जॉब पकडायचे, त्याच्या मापाला बोअर करता येणारे जबडे) कुठंय, गेज कुणी नेला, अॅलन की कुठंय. टोयोटात शिगेओ शिंगोने सांगितलेली युक्ती हीच की मशीन चालू असताना जे करता येतं ते मशीन थांबवून करायचं नाही. जॉ आधीच बोअर करून जॉब नंबर टाकून रॅकला लावले, टूल बाहेरच सेट, गेज ट्रॉलीवर. सेटिंग ५० मिनिटांच्या आसपास आली. खर्च रॅक आणि ट्रॉलीचा, ११ हजार. पहिल्या दिवशी हेच केलं असतं तर निदान काय मोजायचंय ते तरी मला माहीत असतं.

सिस्टीम मी पुढे दुसऱ्याकडून घेतलीच, नाही असं नाही, पण आधी एकाच मशीनवर महिनाभर, आणि पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घेतलं की रोजचा कच्चा डेटा आमच्या कॉम्प्युटरवर उतरणार. जीएसटी पोर्टलवर विकणाऱ्याचा नंबर टाकून रिटर्न भरतो का बघितलं, तिथे कुणालाही फुकट दिसतं. रेफरन्सच्या शॉपला फोन न करता गेलो, तेही सेकंड शिफ्टला, आणि मालकाला सोडून ऑपरेटरशी बोललो.

तो टायवाला आता वेगळ्या नावाने चाकण साइडला फिरतोय म्हणे, डबा तोच क्रीम कलरचा. तुमच्याकडे डेमोला आला तर चहा द्या, आणि तो चहा पीत असताना फीडचा नॉब गुपचूप शून्यावर करून स्क्रीनकडे बघत बसा.